ओल, झळ आणि कानातल्या मशीनचा सेल

१. दुकानदार फसवतो का?

“गेल्या खेपेचा सेल पंधरा दिवस चालला. हा दहाव्या दिवशीच बसला. जुना माल गळ्यात मारला का हो?”

ज्या घरात कोणी कानाची मशीन वापरतं, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. परभणी जिल्ह्यात तो निघण्याचे हंगामही ठरलेले म्हणायला हरकत नाही : एकदा वैशाखात, एकदा श्रावण-भाद्रपदात. आजोबांचा संशय दुकानदारावर, दुकानदाराचा कंपनीवर आणि सुनेचा आजोबांवर, की ते रात्री मशीन बंद करायला विसरतात.

तिघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं. पाकिटावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती आधी बघावी. पण मुदत उरलेली, मशीन तीच, वापर तोच आणि तरी सेलचे दिवस कमी-जास्त होत असतील, तर मग संशयितांच्या यादीत आणखी एक नाव घालावं लागतं. ते म्हणजे हवा. तीही नुसती गरम किंवा थंड हवा नव्हे. हवेत पाणी किती आहे, हा खरा मुद्दा.

“जगात जर्मनी, भारतात परभणी” असं आपण अभिमानाने म्हणतो. योगायोग असा, की कानाच्या मशीनचे सेल बनवणारा एक मोठा कारखाना जर्मनीतच, एल्वांगेन या गावी आहे. अशा सेलची क्षमता मोजतात ती साधारण २० अंश तापमानात आणि हवेत मध्यम ओल असताना. पाकिटावरचा भरवसा त्या हवेचा असतो. परभणीची हवा वर्षातून फार थोडे दिवस तशी असते.

२. सरपण घरात, हवा बाहेर

टॉर्चमधल्या पेन्सिल सेलच्या पोटात दोन पदार्थ असतात. ढोबळमानाने बोलायचं तर एक जळणारा आणि एक जाळणारा. दोघांची गाठ पडू द्यायची, पण सावकाश, आणि त्यातून वीज काढून घ्यायची, एवढाच सेलचा उद्योग.

कानामागच्या मशीनमधला बटणाएवढा सेल यातला अर्धाच माल पोटात ठेवतो. त्याच्यात जळणारा पदार्थ असतो जस्ताची भुकटी. जाळणारा पदार्थ आहे हवेतला ऑक्सिजन, आणि तो बाहेरून घ्यायचा. आपण सरपण घरात रचून ठेवतो. चुलीला लागणारी हवा कोणी पोत्यात भरून ठेवत नाही. तसंच हे. ऑक्सिजनसाठी आत जागा अडवायची गरज नसल्याने सगळी जागा जस्ताला मिळते, म्हणून एवढ्याशा डबीत एवढी वीज मावते. या सेलला जस्त-हवा सेल म्हणतात.

सेलच्या सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी. रंगावरून नंबर कळतो : १० नंबरला पिवळी, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी आणि ६७५ ला निळी. पट्टी काढली की सेल श्वास घ्यायला लागतो. म्हणून ती काढल्यावर सेल लगेच मशीनमध्ये न कोंबता पट्टीची बाजू वर करून दोन-पाच मिनिटं तसाच ठेवावा. हवा आत पोचली की मग बसवावा. घाई केली तर सेल अर्धपोटी कामाला लागतो आणि नव्या सेलवरही मशीन “सेल संपला”चा आवाज काढतं.

हा श्वास किती मोठा, त्याचा हिशेब करून बघू. १३ नंबरचा सेल टपोऱ्या हरभऱ्याएवढा असतो, रुंदी ७.९ मिलिमीटर आणि उंची ५.४. त्याची क्षमता साधारण ३०० मिलिअँपिअर-तास. मिलिअँपिअर-तास म्हणजे काय, ते पुढे येईल. सध्या हे टाकीचं माप समजा. एवढी वीज द्यायला त्याला जवळपास ७० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणजे हवा लागली ३३० मिलिलिटरच्या आसपास. पाण्याच्या लिटरच्या बाटलीचा तिसरा हिस्सा! हरभऱ्याएवढा सेल आयुष्यभरात बाटलीचा तिसरा हिस्सा हवा पितो आणि तिच्यातला ऑक्सिजन पोटात ठेवून घेतो. त्यामुळे एक गंमत होते. संपलेला सेल नव्या सेलपेक्षा हलका न भरता जड भरतो. फरक सुमारे ९० मिलिग्रॅमचा, म्हणजे सराफाच्या काट्यावर सहज दिसेल असा. मात्र परभणीच्या मे महिन्यात हा प्रयोग केला तर फरक कमी भरण्याची शक्यता आहे. का, ते आता.

३. मीठ आणि चुना

जस्त आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून द्यायला मध्ये एक द्रव लागतो. या सेलमध्ये तो आहे पाण्यात विरघळवलेला पोटॅशियम हायड्रॉक्साईड. हा तीव्र क्षार, धुण्याच्या सोड्याचा फार जहाल भाऊबंद समजा. जस्ताची भुकटी या क्षाराच्या पाण्यात कालवून तिचा लगदा केलेला असतो.

आता अडचण बघा. ज्या छिद्रातून ऑक्सिजन आत येतो, त्याच छिद्रातून पाण्याची वाफही जा-ये करते. आत पातळ पडदा असतो. तो द्रव बाहेर सांडू देत नाही, पण वाफेला अडवू शकत नाही. ऑक्सिजनला “ये” आणि वाफेला “थांब” म्हणणारं दार या किमतीच्या सेलमध्ये अजून तरी बसवलेलं नाही.

वाफ आत जाणार की बाहेर, हे कोण ठरवतं? स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. मे महिन्यात मीठ कसं खडखडीत असतं. आषाढात त्याच मिठाला पाणी सुटतं. हवेतली ओल साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं. त्याखाली ते कोरडं राहतं. प्रत्येक क्षाराची अशी आपली आपली रेघ असते. सेलमधल्या क्षाराच्या पाण्याची रेघ ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास पडते. बाहेरची हवा याहून ओली असली की सेल पाणी पितो. याहून कोरडी असली की सेल पाणी गमावतो. रेघेजवळ असली की देणंही नाही, घेणंही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सेल वापरल्याने त्यातलं पाणी खर्च होत नाही. वीज तयार होताना पाणी एका बाजूला वापरलं जातं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच परत तयार होतं. त्यामुळे सेल वाळतो किंवा ओलावतो तो फक्त हवेमुळे. मशीन बंद ठेवलं, सेलचं दार उघडून ठेवलं, तरी पट्टी काढलेली आहे तोवर हा व्यवहार चालूच.

वाळला तर काय होतं? लगद्यातून वीज वाहायला पाणी हवं. पाणी कमी झालं की आतला अडथळा वाढतो. जस्त शिल्लक असतं, पण त्याची वीज बाहेर निघत नाही. हळू आवाजात मशीन ठीक चालतं. जवळून ट्रॅक्टर गेला किंवा कोणी मोठ्याने हाक मारली, म्हणजे मशीनला एकदम जास्त वीज लागली, की सेल धापा टाकतो आणि मशीन बंद पडतं. थोड्या वेळाने परत चालू. अशी लक्षणं दिसली तर मशीन दुरुस्तीला टाकण्याआधी नवा सेल घालून बघावा.

ओलावला तर वेगळं दुखणं. जस्ताचं ऑक्साईड होताना ते फुगतं, म्हणून सेल बनवताना आत थोडी मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. पाणी शिरलं की ती जागा आधीच भरते. वरून हवेची बाजू बुडाल्यासारखी होते, ऑक्सिजन पोचायला वाट राहत नाही. फार झालं तर सेल टम्म फुगतो, दारात अडकतो किंवा क्षार बाहेर पाझरतो. अडकलेला सेल पिनेने उकरू नये. दार तुटलं तर सेलच्या कितीतरी पट खर्च येतो.

तिसरा पाहुणाही त्याच छिद्रातून येतो, कार्बन डायऑक्साईड. पानाच्या डबीतला चुना उघडा राहिला की वर पांढरी, निबर पापडी धरते, हे आजीला सांगायला नको. ती पापडी नुसत्या वाळण्याची नसते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून खडूच्या जातीचा पदार्थ बनतो. सेलमधल्या क्षाराचंही तेच होतं. तो हळूहळू कार्बोनेट होतो आणि कामातून जातो. जुन्या सेलच्या कडेला दिसणारी पांढरी भुकटी बहुतेक वेळा हीच. ती हाताला लागली तर हात धुवावेत, डोळ्याला लावू नयेत.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वीच्या मशीनच्या सेलला हे नखरे नव्हते. बरोबर आहे. १९७० च्या दशकात जस्त-हवा सेल येईपर्यंत छोट्या मशीनमध्ये पाऱ्याचे सेल असत. ते चहूबाजूंनी बंद. बाहेर पाऊस असो की वणवा, त्यांना पत्ता नसे. पण त्यांच्यात पारा होता, विषारी, आणि तेवढ्याच आकारात वीज निम्म्याच्या आसपास. पारा गेला, वीज वाढली. बदल्यात सेलला हवामान लागू झालं. सौदा फायद्याचाच झाला, असं माझं मत आहे.

४. टक्के कशाचे?

वर “५०-६० टक्के” म्हटलं. ते टक्के कशाचे, हे समजल्याशिवाय पुढचा हिशेब जमणार नाही.

शेतकऱ्याला ओलाव्याचे टक्के नवे नाहीत. सोयाबीन मोंढ्यावर नेलं की पहिला प्रश्न “ओलावा किती?” हमीभावाच्या खरेदीत बाराच्या वर काटा गेला की पोती परत. तिथले टक्के दाण्याच्या वजनाचे. हवेच्या बाबतीत मात्र माप वेगळं आहे. हवा जास्तीत जास्त किती वाफ धरू शकली असती आणि प्रत्यक्षात किती धरून आहे, त्यांचं प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून येणाऱ्या हवामान सल्ल्यात सकाळची आणि दुपारची आर्द्रता दिलेली असते, ती हीच.

गंमत आहे ती “धरू शकली असती” या शब्दांत. गरम हवा मोठ्या घागरीसारखी, थंड हवा लहान तांब्यासारखी. वाफ तेवढीच, पण भांडं बदललं की टक्के बदलतात.

समजा मे महिन्यातली दुपार, तापमान ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. ४२ अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ५६ ग्रॅम वाफ धरू शकते. तिचे २० टक्के म्हणजे ११ ग्रॅम. तीच हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली तर तिची घागर लहान होते, फक्त २३ ग्रॅमची. आत वाफ तीच ११ ग्रॅम. टक्के झाले ४८. पाण्याचा एक थेंबही न मिसळता २० चे ४८! आणखी थंड करत १३ अंशांवर नेली तर भांडं काठोकाठ भरतं आणि पुढे दव पडायला लागतं. हा १३ चा आकडा लक्षात ठेवा. फ्रिजच्या गोष्टीत लागेल.

५. परभणीचं वर्ष, सेलच्या नजरेने

परभणीच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. गच्चीवर कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात त्या याच जोरावर. जी हवा कुरडई वाळवते, ती सेलला सोडेल का? या दिवसांत सेल सतत पाणी गमावतो. शेतात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात जितका वेळ उघड्या हवेत, तितकी झीज जास्त.

पण घरात कूलर आहे ना! कूलर म्हणजे ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून हवा ओढणारी पेटी. पाणी उडतं, हवा थंड होते आणि ओलीही होते. मघाचा नियम लावा : घागर लहान झाली आणि वरून तिच्यात पाणीही ओतलं. खिडक्या बंद करून दिवसभर कूलर चालवला तर खोलीतली आर्द्रता ६० च्या पुढे सहज जाते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच उंबरठ्याच्या आत-बाहेर, सेलसाठी दोन वेगळी गावं. बाहेर तो वाळतो, आत थोडं पाणी परत घेतो. कूलरची खोली मध्यम ओलीची राहिली तर सेलला ती बाधत नाही, उलट बरी. खिडकी किलकिली ठेवली तर माणसाला बरं वाटतं आणि सेललाही. मात्र कूलरच्या थेट झोतात, तुषार उडतात तिथल्या टेबलावर मशीन ठेवणं चूक. तिथे सेलपेक्षा मशीनचं नुकसान होतं.

मृगाचा पाऊस पडला की चित्र पालटतं. बिस्किटं सादळतात, पापड मऊ पडतात. आर्द्रता ८०-८५ टक्के. सेल पाणी पिऊ लागतो. पण यातही एक बारकावा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मशीन कानावर असतं तेव्हा शरीराच्या उबेमुळे सेलचं तापमान ३४ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची २८ अंशांची, ८५ टक्के ओली हवा सेलजवळ येऊन ३४ अंशांपर्यंत तापली की घागर मोठी होते आणि टक्के उतरतात ६१ वर. म्हणजे पावसाळ्यात दिवसा, कान कोरडा असेल तर, सेल जवळजवळ त्याच्या आवडीच्या रेघेवर असतो! त्याला बाधतात दोन गोष्टी. एक घाम. घामाचा थेंब छिद्रांवर बसला की ओल तर आत जातेच, श्वासही कोंडतो. मशीन अचानक गप्प होतं. दुसरी गोष्ट रात्र. कानाची ऊब गेली, मशीन फडताळात उघडं पडलं, बाहेर झड लागलेली. सेल पाणी पितो तो मुख्यतः तेव्हा.

दिवाळीच्या आसपास हवा निवळते. ना फार कोरडी, ना फार ओली, ना गरम. “दिवाळीत सेल चांगला चालतो” असं कोणी म्हणालं तर त्याला हसू नका. पुढे डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो आणि थंडीने सेलचा दाब थोडा उतरतो. भल्या पहाटे हरिपाठाला निघालेल्या माणसाच्या मशीनने “सेल संपला” म्हटलं, तर सेल फेकण्याआधी दोन मिनिटं मुठीत धरून बघावा. बऱ्याचदा तो जिवंत असतो.

६. काटकसरीचा उलटा हिशेब

मिलिअँपिअर-तासाचं ऋण फेडू. टाकीत ३०० भांडी पाणी आहे आणि तोटी तासाला दीड भांडं सोडते, तर टाकी २०० तास पुरेल. तसंच १३ नंबरच्या सेलमध्ये ३०० मिलिअँपिअर-तास आणि मशीनची भूक दीड मिलिअँपिअर, तर २०० तास. रोज १४ तास मशीन लावणाऱ्याला सेल दोन आठवडे पुरला. ३१२ नंबरचा सेल लहान, त्याची क्षमता १७० च्या आसपास. तीच भूक असेल तर ११३ तास, म्हणजे आठ दिवस.

आता काटकसरी आजोबा घ्या. पाहुणे आले, कीर्तन असलं की मशीन लावायची. एरवी काढून ठेवायची. रोज ५ तास. कागदावर सेल ४० दिवस पुरायला हवा. पुरत नाही. कारण वापर ५ तासांचा असला तरी छिद्रं २४ तास उघडी आहेत. चाळीस दिवस तो वाळतोय किंवा ओलावतोय आणि चुन्यासारखी पापडीही धरतोय. पट्टी काढलेला सेल वापरा अथवा न वापरा, तीन-चार आठवड्यांनंतर त्याचा भरवसा धरू नये. दिवसभर वापरणाऱ्याला हवामानाचा फटका कमी बसतो, कारण हवेने काही बिघडवायच्या आत तो सेल वाजवी कामात संपवतो. राखून वापरणाराच जास्त गमावतो. शिवाय मशीन दिवसभर लावली की मेंदूला आवाजांची सवय होते, तो फायदा निराळाच.

काढलेली पट्टी परत चिकटवली तर? फार उपयोग नाही. आत शिरलेली हवा आतच राहते आणि पट्टीचा चिकटपणा पहिल्यासारखा बसत नाही.

हवेचा संबंध नसताना सेल खाणारं आणखी एक कारण घरोघर आढळतं : शिट्टी. कानातला साचा सैल झाला की आवाज बाहेर येऊन परत मशीनमध्ये शिरतो, मशीन शिट्टी मारत राहतं आणि वीज वाया जाते. अशा वेळी परभणीच्या हवेला बोल लावण्यात अर्थ नाही. साचा बदलून घ्यावा.

७. रात्रीचा पेच

मशीनसोबत बऱ्याचदा एक छोटी डबी मिळते, आत सिलिका जेलचे दाणे. हे दाणे हवेतली ओल शोषतात. रात्री मशीन त्या डबीत ठेवा, असं सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. मशीनमध्ये माइक असतो, बारीक तारा असतात, कानाकडे जाणारी नळी असते. नळीत दवाचा एक थेंब अडकला तरी आवाज बंद. घामातल्या मिठाने तारा गंजतात. मशीनला कोरडं हवं, जितकं कोरडं तितकं बरं.

पण सेलला? त्याची रेघ ५०-६० टक्क्यांची. सिलिका जेलच्या बंद डबीत ओल त्याहून फार खाली जाते. सेलच्या दृष्टीने तो डबीत भरलेला वैशाखच. रोज रात्री आठ तास सेल तिथे राहिला तर त्याने दिवसा न गमावलेलं पाणी रात्री गमावलं. मशीन आणि सेल एका घरात राहत असले तरी त्यांची प्रकृती वेगळी आहे. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवत नाही, म्हणून रात्रीपुरती त्यांची वाटणी करावी.

माझी शिफारस अशी. झोपताना सेल बाहेर काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा. सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल वेगळ्या, घट्ट झाकणाच्या लहानशा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, सिलिका जेलशिवाय. डबी जितकी लहान तितकं बरं, कारण आतल्या चमचाभर हवेशी सेलचा देण्याघेण्याचा व्यवहार लवकर मिटतो. डबी धातूची नको आणि सेल सुट्या नाण्यांसोबत खिशात तर नकोच. दोन्ही बाजू धातूने जोडल्या गेल्या की सेल रिकामा होतो. बोटं थरथरत असतील, रोज सेल काढणं जमत नसेल, तर निदान सेलचं दार उघडं ठेवावं. एप्रिल-मेमध्ये, घाम फार येत नसेल तर, सिलिका जेलची डबी रोज वापरायची गरजही नाही; बाहेरची हवा ते काम फुकट करते आहे. पावसाळ्यात मात्र एक रात्रही चुकवू नये.

सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी दाण्यांचा रंग उतरला, की ते ओलीने भरले. ते मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जाणं वाईट. त्यासाठी भाकरीचा तवा वापरू नये.

८. घरगुती उपायांची झाडाझडती

फ्रिज : “सेल फ्रिजमध्ये ठेवले की टिकतात” हा सल्ला जुना आणि लोकप्रिय. वर १३ अंशांचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. फ्रिजमधला सेल ५ अंशांचा. तो बाहेर काढला की मे महिन्याच्या कोरड्या हवेतही त्याच्यावर दव जमतं, कारण १३ अंशांच्या खाली ती हवा वाफ धरू शकत नाही. पावसाळ्यात तर पाण्याचे ओघळ. त्या ओलीने पट्टी सुटते. पट्टी लावलेला सेल सावलीत, भिंतीतल्या कपाटात ठेवला तरी वर्षाला जेमतेम काही टक्के कमी होतो. फ्रिजची गरज नाही. पत्र्याखालचं फडताळ आणि गाडीचा डॅशबोर्ड मात्र टाळावा.

तांदळाचा डबा : भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, तसं मशीनही ठेवतात. तांदूळ ओल शोषतो, पण सावकाश आणि थोडी. त्याचा कोंडा माइकच्या जाळीत बसतो तो वेगळाच.

ऊन : मशीन भिजलं म्हणून वैशाखाच्या उन्हात वाळत घालू नये, केस वाळवायच्या यंत्राचा झोतही मारू नये. सेल काढा, पुसा, सिलिका जेलच्या डबीत ठेवा, धीर धरा.

आणि एक गोष्ट उपाय म्हणून नव्हे, इशारा म्हणून. हे सेल लहान मुलांना गोळीसारखे दिसतात. मुलाने गिळला तर घरी काही न करता तडक दवाखाना गाठावा.

९. चार्जिंगची मशीन घ्यावी का?

आता लिथियमच्या, रात्री चार्जिंगला लावायच्या मशीन आल्या आहेत. त्यांचा सेल पाऱ्याच्या सेलसारखा पूर्ण बंद, हवेशी देणंघेणं नाही. वर सांगितलेल्या वाळण्या-ओलावण्यातून सुटका. पण त्यांना घाम आणि उष्णता चालते असं नाही, किंमत जास्त आणि रोज विजेची गरज. ज्या गावात वादळाने खांब पडला की दोन दिवस अंधार, तिथे सुटे सेल घालता येणारी मशीन मला अजून शहाणपणाची वाटते. खिशात अडकवायची, वायर कानापर्यंत जाणारी जुनी मशीनही टाकाऊ समजू नये. ती साध्या पेन्सिल सेलवर चालते, तो हवा घेत नाही आणि किराणा दुकानात मिळतो. ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना साहित्यासाठी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. तिच्यात श्रवणयंत्रही येतं. अशा पैशांतून मशीन घेताना पहिल्या दिवशीच विचारावं : सेल कोणत्या नंबरचा, आणि आपल्या तालुक्याच्या गावी तो मिळतो का?

राहिला पहिला प्रश्न, दुकानदाराचा. त्याचा निकाल लावायला पुस्तकाची गरज नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. नवा सेल घातला की त्याची रंगीत पट्टी फेकू नका. त्या दिवसाच्या तारखेवर चिकटवा. दोन कानांच्या दोन मशीन असतील तर पट्टीवर “डा” आणि “उ” लिहा. पाकीट बदललं त्या दिवशी फुली मारा. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एवढं केलं की दोन पट्ट्यांमधली अंतरं उन्हाळ्यात किती आणि दिवाळीत किती, ते डोळ्यांनी दिसेल. अंतर हंगामाबरोबर हललं तर कारण हवा. फुलीनंतर एकदम घटलं आणि पुढच्या पाकिटाला परत वाढलं, तर ते कॅलेंडर काढून दुकानदारासमोर ठेवा.